न मोडलेला घास

१

दिवस कलला की मालूबाई आरशासमोर उभी राहून कुंकू नीट करायची, चपला घालायची आणि उंबऱ्यात येऊन म्हणायची, “चला, उशीर हुतोय.” मग आम्ही दोघं नवराबायको तिकटीवर चायनीज खायला निघायचो.

हसला तर हसा. गावानं लई हसून घेतलंय. देवळाच्या कट्ट्यावर रवळू बसलेला असायचा. माझ्याच वयाचा, कामधंदा नसलेला. रोज विचारायचा, “काय भावकू अण्णा, चायनाला निघालं काय जोडपं?” मी म्हणायचो, “व्हय रं, तुला काय आणू?” तो म्हणायचा, “एक पोरगी बघून ये माझ्यासाठी.” मालू पदरात तोंड घालून हसायची. तिचं ते हसू बघायला मिळतंय म्हणून मी रवळूला कधी उलटं बोललो न्हाय.

आमची वयं काय असलं खायची न्हवंत. दात तरी कुठं हायत पुरते. पण त्या गाडीनं माझ्या बायकोला जेवायला घातलं. ज्यानं जेवायला घातलं त्याला नाव ठेवायचं न्हाय, असं माझ्या आईनं शिकवलंय. म्हणून पुढं जे सांगणार हाय ते गाऱ्हाणं म्हणून सांगत न्हाय. तसं कुणी ऐकू नये.

२

पाऊस सरता सरता मालूला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाकरीचा तुकडा तोंडात घालायची, या गालातनं त्या गालात फिरवायची आणि पदराआड काढून टाकायची. पेज केली, आंबील केली, सुनेनं म्हणजे माधवीनं मऊ भात कालवून भरवला. सगळं परत. नंदगड तिचं माहेर. तिथनं भावजय लोणच्याची बरणी घेऊन आली. लोणचं बघून मालू नुसती म्हटली, “ठेव तिथं,” आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

माझा ल्योक आदर्श बेळगावात उद्यमबागेत कारखान्यात हाय. त्यानं मोठ्या दवाखान्यात नेली. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, सलाईन लावली. डॉक्टरांनी त्याला बाहेर घेऊन सांगितलं की रोग काय सापडत न्हाय, पण अन्न गेलं न्हाय तर बाई ऱ्हायची न्हाय. आदर्शनं ते मला पाण्याच्या नळापाशी सांगितलं. सांगताना तो हात धूत होता. धुऊन झाले तरी धूतच होता.

घरी आणायच्या दिवशी आदर्शला ड्युटी होती. म्हणून आम्ही दोघं बसनं आलो. गावचा रस्ता खानापूरच्या रस्त्याला मिळतो तिथं आमची तिकटी. तिथनं गाव चालत जवळ हाय, पण तिला चालवत न्हवतं. आदर्श ड्युटी सुटून मोटरसायकल घेऊन येईस्तोवर बसायचं कुठं? तिथं भरमूची चायनीजची गाडी होती आणि गाडीला लागून एक बाकडं होतं. त्यावर मी तिला बसवलं.

भरमू मूळचा निपाणीकडचा, बोरगावचा. गोव्याला हाटेलात राबून हे शिकून आलेला. लाल रंग घालायची बंदी झाल्यापासनं त्याची गोबी मंच्युरी फिकी दिसायची आणि गिऱ्हाईकं त्याला चिडवायची की भरमू, तुझ्या गोबीला कावीळ झाली. तो चिडायचा न्हाय. कढईखाली भडका करायचा, लांब दांड्याचा डाव कढईवर आपटायचा आणि गाणं म्हटल्यासारखा हलत ऱ्हायचा.

त्या दिवशी त्यानं लसूण टाकला, कोबी टाकला, ढबू मिरची टाकली, वरनं आंबट कायतरी शिंपडलं. वाफ आमच्या अंगावर आली. मालूनं मान वर केली.

“काय परतूलालाय रं?” तिनं विचारलं.

“नूडल्स, आक्का. खाणार काय?”

“घाल.”

मी भरमूकडं बघितलं. माझं तोंड कसं झालं असंल कुणास ठाऊक, त्यानं भडका वाढवला. नुसता डाव आपटत ऱ्हायला.

३

आता एक आमच्याकडची रीत सांगतो. घरात जेवताना न्हाय, पण शिवेवर, वड्याकाठी, तिकटीवर खायची वेळ आली तर पहिला घास मोडून मागं टाकायचा. तिथल्या जागेचा जो कोण असंल त्याचा. भाकरीचा तुकडा हातानं मोडायचा, मागं न बघता खांद्यावरनं टाकायचा. मोडला की तो वेगळा झाला. त्याचं त्याला, आपलं आपल्याला. मग तो आपल्या मागं येत न्हाय. आणि त्याला घरी ये म्हणायचं न्हाय, हे आमच्यात बारक्या पोरालाबी सांगावं लागत न्हाय. आदर्श असलं मानत न्हाय. मीबी मानतो असं न्हाय. पण हात आपोआप जातो.

भरमूनं ताट मालूच्या मांडीवर ठेवलं. मी सवयीनं चिमूटभर उचललं आणि खांद्यावरनं मागं टाकलं. बाकड्यामागं कोरडा चर होता आणि चराच्या काठाला घाणेरीचं झुडूप.

भाकरी मोडते. नूडल्स मोडत न्हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. बाकीचं पडलं, पण त्यातला एक धागा लांबच लांब होता. त्याचं एक टोक मागं चरात आणि दुसरं अजून ताटात. मी तो तोडायला हात घालणार, तेवढ्यात मालूनं ताटातलं टोक तोंडात घेतलं आणि ओढलं.

धागा बाकड्यावरनं उचलला गेला. सरळ झाला. आणि तटतटून तसाच ऱ्हायला. भिंत बांधताना गवंडी दोरी धरतो, तसा.

पलीकडनं कुणीतरी धरल्याशिवाय दोरी अशी ऱ्हात न्हाय.

घाणेरीच्या काट्यात अडकला असंल, असं मला वाटलं. मी मागं वळून बघितलं न्हाय, कारण टाकल्यावर बघायचं नसतं. थोड्या वेळानं तो सैल झाला आणि सुळकन मालूच्या तोंडात गेला. सगळा. त्याला चिकटलेली गवताची काडीसुद्धा गेली.

मग तिनं अख्खं ताट खाल्लं. आदर्श आला तेव्हा ती ताटाला लागलेला मसाला बोटानं पुसून चाटत होती. माझा ल्योक मोटरसायकल चालू ठेवूनच खाली उतरला आणि रडला.

४

घरी तिनं दुसऱ्या दिवशी पेजेला हात लावला न्हाय. संध्याकाळी आपणहून उठून बसली आणि म्हटली, “तिकटीवर जाऊया.”

तेव्हापासनं रोज. घरी उपास, तिकटीवर ताट. माधवीनं भरमूकडनं बांधून आणलं, तर तिनं तोंड फिरवलं. माधवीनं घरात केलं, चांगलं झालतं, मी खाल्लं. मालूनं वासबी घेतला न्हाय. पण तिकटीवर बसली की खायची. गालावर मांस आलं. बांगड्या मनगटात गच्च बसूलागल्या. डॉक्टरांनी काट्यावर उभी केली आणि काय केलंत म्हणून आदर्शला विचारलं.

मी रोज भरमूला हात जोडायचो. तो लाजायचा. म्हणायचा, “अण्णा, गोव्यात एवढ्या जणांना खायला घातलं, हात कुणी जोडला न्हाय. तुम्ही जोडूलालाय आणि मला डाव धरवंना.” नवीन भात निघालं तेव्हा मी त्याला आमच्या वासाच्या तांदळाचं एक पोतं नेऊन दिलं. त्यानं त्याचाच फ्राईड राईस करून आम्हाला खायला घातला.

आता दुसरं. पहिल्या दिवशीचं मनात होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी घास नीट मोडून टाकायला गेलो. मालूनं माझं मनगट धरलं. स्वतःच ताटातनं एक लांब धागा काढला, त्याचं एक टोक बाकड्याच्या मागं सोडलं आणि दुसरं ताटातच ठेवलं. अलगद, जसं पोराला पाळण्यात ठेवतात. मी म्हटलं, अगं मोडून टाक.

“मोडू नका,” ती म्हटली. “तिकडं धरलंय.”

कोण, असं मी विचारलं न्हाय. ती खायला लागली होती. खाणाऱ्या माणसाला थांबवायचं माझ्यानं झालं न्हाय.

रोज तसंच. रोज ती बाकड्यावर थोडी सरकून बसायची, ताट मागच्या बाजूला कलतं धरायची. मी शेजारी बसून तिच्याकडं बघायचो. एकदा दिसलं की तिचं तोंड मिटलेलं हाय, जबडा थांबलाय, आणि गळा मात्र चाललाय. एक घोट. थांबून अजून एक. तोंडात काय नसताना. म्हाताऱ्या माणसाचा गळा हलत असंल असा, म्हणून घरी येऊन मी आरशात माझा बघितला. लई वेळ बघितला. हलत न्हवता.

आणि आवाज. ती ओढायची थांबली की मागनं ओढल्याचा बारीक आवाज यायचा. चरातलं पाणी असंल म्हणावं तर दिवाळी उलटून गेलती. चर ठणठणीत कोरडा.

५

आदर्शला मी अर्धंच सांगितलं. धाग्याचं सांगितलं न्हाय. एवढंच म्हटलं, की आईला तिथलंच का लागतंय, घरातलं का न्हाय?

तो समजुतीनं बोलला. तापानं जीभ बधिर होते, त्यामुळं जोरकस आंबट-तिखटच तेवढं लागतं. बांधून आणलेलं गार झालं की त्याला ती चव ऱ्हात न्हाय. मोकळी हवा, चार माणसं, त्यानंबी भूक लागते. आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटला, “आप्पा, जेवूलालीया न्हवं? मग कशाला उकरून काढायचं?”

शिकलेल्या माणसाचं बोलणं पटतं. मला ते पटवून घ्यायचंबी होतं. त्या रात्री मी गाढ झोपलो.

पण दिवस असे जात न्हाईत. रस्ता रुंद करायचं निघालं. तिकटीवरच्या सगळ्या गाड्यांना उठायला सांगितलं. भरमू म्हटला, आता हितं कुठं जागा शोधू, गावाकडंच जातो, निपाणीत बसस्टँडच्या बाजूला मेव्हण्याची जागा हाय. जायच्या दिवशी त्यानं मालूच्या पाया पडून तिला सांगितलं, “आक्का, निपाणीला यायचं. तुमचं बाकडं मी नेतोय संगट.”

ते बाकडं त्यानं खरंच नेलं. टेम्पोत गाडीवर उलटं बांधलेलं ते बाकडं चाललेलं मी बघत उभा ऱ्हायलो. आता ही खाणार कुठं?

६

पहिल्या रविवारी आदर्शनं गाडी ठरवून आम्हाला निपाणीला नेलं. गावात शिरलं तशी तंबाखूचा उग्र वास नाकात आला. भरमू धावत आला. तीच गाडी, तीच कढई, तेच बाकडं, त्यानं ते धुऊन ठेवलं होतं. लोकांना सांगूलाला, ही माझी आक्का, बेळगावच्या पलीकडनं माझ्या हातचं खायला आलीया.

ताट आलं. मालूनं एक धागा काढला, बाकड्याच्या मागं सोडला आणि वाट बघत बसली.

मागं फरशी होती. धागा फरशीवर पडून ऱ्हायला.

तिनं तो ओढून घेतला, पुन्हा सोडला. मग मान वळवून इकडं तिकडं बघूलागली, बसमध्ये चुकामूक झालेलं माणूस बघतं तशी. “आलं न्हाय,” एवढंच म्हटली, आणि ताट माझ्या मांडीवर ठेवलं. एक घास खाल्ला न्हाय. भरमूनं दुसरं ताट केलं, तिसरं केलं, स्वतः भरवायला गेला. तिचं तोंड उघडलं न्हाय. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला वाटलं त्याचाच हात चुकला.

मला तवा कळलं. हात तोच होता, चव तीच होती. तिला जेवायला घालणारं ते न्हवतं.

निघताना भरमूला मी म्हटलं, मला शिकीव. त्यानं कोरड्या नूडल्स दिल्या, बाटल्या दिल्या, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीत तोंड घालून सांगत ऱ्हायला, की अण्णा, आच मोठी पाहिजे, हात थांबवायचा न्हाय, आणि मीठ शेवटी.

७

घरी ती पुन्हा निजली. भिंतीकडं तोंड. दोन दिवसांत गाल आत गेले. इतक्या लवकर कसे जातात, ते माधवीलाबी कळंना. बांगड्या पुन्हा कोपरापर्यंत सरकूलागल्या.

मी सुनेकडनं बारका गॅस मागून घेतला, कढई घेतली आणि मालूला आदर्शच्या गाडीवर बसवून तिकटीवर नेलं. भरमूच्या जागी नुसता काळा तेलकट डाग ऱ्हायला होता. तिथं दगड मांडून मी गॅस पेटवला. या वयात पहिल्यांदा कढई धरली. कोबी करपला. मीठ आधीच पडलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका पोरानं गाडी थांबवून हाफ मंच्युरी मागितली. मी म्हटलं, बाबा, गोबी संपली. रवळूनं गावभर केलं की भावकू अण्णानं हाटेल काढलं आणि पहिलं गिऱ्हाईक बायकोच हाय.

मालू दगडावर बसली, चराला पाठ करून. एक धागा मागं सोडला. तो तटतटला. ती जेवली.

करपलेलं, खारट, सगळं जेवली. जेवण झाल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटली, “चांगलं झालतं.” एवढ्या वर्षांत तिनं मला कितीदा जेवायला वाढलं असंल. मी तिला चांगलं झालंय असं कधी म्हटलेलं मला आठवंना.

असं काही दिवस चाललं. मग मशिनं आली. पिवळी, मोठी. त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, तर म्हटला, उद्या सकाळी हा चर मुरूम टाकून बुजवायचा, झुडपं काढायची, वरनं रस्ता.

तवा मी ठरवलं, आज मोडायचं. जागाच ऱ्हाणार न्हाय तर जागेवाल्याला काय धरून ठेवायचं? रीतीनं मोडून त्याचं त्याला द्यायचं आणि हिला सोडवून घरी न्यायचं. सुटली तर घरात जेवंल. न्हाय सुटली, आणि खाणंबी थांबलं, तर तिला मीच मारली असं होईल. हे दोन्ही मला दिसत होतं. तरी दुसरी वाट सापडंना.

८

दिवेलागणीला तिनं धागा सोडला आणि खायला लागली. मी उठून तिच्या मागं गेलो, चराकडं पाठ ठेवून. तो धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला.

मनात म्हटलं, तू जो कोण असशील तो, तू माझी बायको जगवलीस. तुझं उपकार मी विसरणार न्हाय. पण आता जागा जाणार. हे तुझं, हे आमचं. मोडतो, राग धरू नको.

चिमटीत धरल्यावर पहिल्यांदा कळलं की तो ओढलेला न्हवता. एवढे दिवस मला वाटलं तिकडनं ओढ हाय. ओढ न्हवती. आंधळं माणूस काठीचं टोक धरतं, तसं नुसतं धरलेलं होतं. सोडलं तर कुठं जायचं ते ठाऊक नसल्यासारखं.

मग मी, बघायचं नसतं ते बघितलं.

घाणेरीच्या बुडाशी एक हात होता. चिपाडासारखा. धाग्याचं टोक दोन बोटांत धरलेलं. दवाखान्यातनं मालूला आणली त्या दिवशी तिच्या हातावर सुईच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. ती पट्टी घरी आल्यावर मीच भिजवून काढली होती. या हातावर ती अजून होती. मळलेली, एका बाजूनं सुटलेली.

हाताच्या वर पानांत गालाचं हाड दिसलं. आत गेलेला डोळा. तो माझ्याकडं बघत न्हवता. माझ्या पलीकडं, ताटाकडं बघत होता. भुकेलं माणूस बघतं तसा न्हवे. आई पोराला जेवताना बघते तसा.

मी मान फिरवली. जास्त बघितलं न्हाय. माझ्यानं झालं न्हाय.

“मोडलं?” दगडावरनं मालूनं विचारलं. आवाज भरलेला, धडधाकट. ती वळली न्हवती. तिच्या उजव्या हाताकडं एकदा बघून घ्यावं, सुईचा डाग तरी ऱ्हायलाय काय, असं वाटलं. पदराखाली हात होता. पदर मी बाजूला केला न्हाय.

“न्हाय,” मी म्हटलं. “मोडवत न्हाय.”

मोडला असता तर त्याचं त्याला आणि आपलं आपल्याला झालं असतं. पण आपलं कुठल्या टोकाला होतं?

अंधार पडत होता. मशिनं रस्त्याच्या कडेला उभी होती. मी चराकडं पाठ करूनच उभा ऱ्हायलो आणि जे आमच्यात कुणी कधी म्हणत न्हाय ते म्हटलं.

“घरी चल. हितं आता काय ऱ्हायचं न्हाय.”

९

मी पुढं चाललो. मागं मालू, हातात ताट तसंच धरून. तिच्या मागं मी बघितलं न्हाय. आदर्शला गाडी आणू नको म्हणून निरोप दिला होता.

कट्ट्यावर रवळू होता. नेहमीसारखं तोंड उघडलं त्यानं, मग थोडा थांबला, डोळे बारीक करून आमच्या मागं बघितलं. “पावणं कोण आणलं, अण्णा?” त्यानं विचारलं.

“घरचंच हाय,” मी म्हटलं.

त्या दिवशी माझ्या बायकोनं घरात भाकरी मागितली. माधवीनं थापली तशी तव्यावरची गरम घेतली, हिरव्या मिरचीचा खर्डा घेतला, वर ताक प्याली. माधवी चुलीपुढं पदर तोंडाला लावून बसली. आदर्श आईला धरून बसला. निपाणीला फोन लावला, तर भरमू पलीकडनं म्हटला की अण्णा, देवानं केलं. मी म्हटलं, देवाचं त्याला देऊ, पण आधी तू केलंस, तुझं भलं होवो.

सगळे जेवून उठल्यावर मी एक ताट वाढून परसदारी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. सकाळी ताट चाटून पुसून पालथं घातलेलं होतं. जेवून झाल्यावर ताट पालथं घालायची सवय या घरात एकीचीच.

तेव्हापासनं रोज ठेवतो. माधवी म्हणते, मामा, मांजरांना किती लाडावून ठेवलंय. पहिले काही दिवस नुसता मऊ भात संपायचा. आता भाकरीबी संपते. परसात पहिल्यांदा पाय ओढत चालल्यासारखा आवाज यायचा, आता पावलं वाजतात. बांगड्यांचा आवाज पहिल्यांदा कोपराजवळनं यायचा. आता मनगटातनं येतो. मी दाराच्या फटीतनं बघत न्हाय. भीती वाटते, न्हाय असं खोटं कशाला सांगू? पण ज्या घरातनं सहा महिन्यांपूर्वी आम्ही माणूस उचलून न्यायच्या तयारीत होतो, त्या घरात जेवणारं कुणी हाय, भाकऱ्या कमी पडूलागल्यात. माझ्यासारख्यानं अजून काय मागायचं?

काल संध्याकाळी आदर्श आणि माधवी लग्नाला चिकोडीला गेलती. दिवा लावला, ओसरीवर बसलो. घर शांत होतं. सवयीनं मी हाक मारली.

“मालू, जेवलीस काय गं?”

“व्हय, झालं की जेवून,” आतनं आवाज आला.

“न्हाय अजून,” परसदारातनं तोच आवाज आला.

मी उठलो, ताट घेतलं आणि भाकरी मोडायला बसलो.